अहवाल कोण वाचतो?

माझ्या खोलीबाहेर ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ अशी पाटी आहे. मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ओपीडीच्या जिन्याखाली ही खोली आहे. पाटी वाचून दोन प्रकारची माणसं आत येतात. काहींना वाटतं की इथे पैसे मिळतात. आणि काहींना काहीतरी वाटायचं असतं. साहेबांचा वाढदिवस आला की कार्यकर्ते केळ्यांचे कॅरेट आणि फोटोग्राफर घेऊन हजर. “मॅडम, कोणत्या वॉर्डात वाटू? जरा गरीब पेशंट दाखवा.” अशाच एका फळवाटपानंतर चहा घेताना एका तरुण कार्यकर्त्याने मला मनापासून विचारलं, “तुम्ही या कामाचं दोन वर्षांचं शिक्षण घेतलंय म्हणता. पण सेवेला शिक्षण कशाला लागतं? मन पाहिजे फक्त.”

त्याचा राग आला नाही. एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या घरातही हेच बोलणं झालं होतं. “त्यापेक्षा बी.एड. कर, नोकरी तरी लागेल,” असं वडील म्हणाले. मामांनी तर थेट बाबा आमट्यांना पुढे केलं : त्यांनी कुठे समाजकार्याची पदवी घेतली होती?

महाराष्ट्रात हा प्रश्न हमखास येतो, कारण इथे मोठ्या माणसांची परंपरा मोठी आहे. पण त्या परंपरेकडे नीट पाहिलं तर ती मामांच्या बाजूने फारशी बोलत नाही. बाबा आमटे वकील होते. कुष्ठरोग्यांचं काम हाती घेतलं तेव्हा ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्या रोगाचा रीतसर अभ्यास करून आले. अभय आणि राणी बंग हे दोघंही डॉक्टर, तरी गडचिरोलीत काम उभारण्याआधी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. मेधा पाटकर तर टाटा इन्स्टिट्यूटमध्ये समाजकार्यच शिकल्या. मन सगळ्यांकडे होतंच, तरी कुणी तेवढ्यावर भागवलं नाही.

माझ्यासारख्या नोकरदार बाईची गोष्ट तर आणखी वेगळी. माझ्यासमोर येणाऱ्या रुग्णाने मला निवडलेलं नसतं. तो पडलेला असतो, घाबरलेला असतो आणि डॉक्टरांनी केस पेपरवर ‘एमएसडब्ल्यूकडे पाठवा’ (म्हणजे मेडिकल सोशल वर्करकडे) असं लिहिलं म्हणून येतो. मी कागदावर जे लिहीन त्यावर त्याची फी माफ व्हायची की नाही, मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं, घरी सोडायचं की संस्थेत पाठवायचं, हे ठरतं. ज्याला नकार देण्याची सोय नाही अशा माणसाबद्दल लिहायचा अधिकार कुणालाही नुसत्या चांगल्या मनावर देऊ नये.

आपल्याकडे हे शिक्षण 1936 साली सुरू झालं. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे एक अमेरिकन मिशनरी मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटांच्या विश्वस्त निधीतून तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ती हीच. पुढे 1955 मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आलं, 1963 मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आली. विदर्भात, खानदेशात आणि नंतर आमच्याकडे समाजकार्य महाविद्यालयं निघत गेली. रुग्णालयात आमची जातही तशी जुनी : 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्ती नेमली गेली.

शिकवतात काय? बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. करता येतं. कुठल्याही शाखेची पदवी असेल तर एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचं. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती या सहा पद्धती सगळीकडे असतात. जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदे. शेवटच्या वर्षी कुणी वैद्यकीय व मनोविकार घेतं, कुणी कुटुंब व बालकल्याण, कुणी समुदाय विकास. पूर्वी कामगार कल्याणाला मोठी गर्दी असायची, कारण 1948 च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं होतं. आता तो ओढा कंपन्यांच्या सीएसआरकडे वळला आहे. मनोविकाराच्या क्षेत्रात जायचं तर एवढ्यावर भागत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्ता कुणाला म्हणायचं ते सांगून ठेवलं आहे : समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मनोविकार समाजकार्यातला पूर्ण वेळ, दोन वर्षांचा एम.फिल.

हे सगळं माहितीपत्रकात असतं. माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेला आणि खरं शिक्षण ज्यात होतं तो भाग म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वर्ग सोडून संस्थेत, वस्तीत, रुग्णालयात किंवा बालगृहात जातात. त्या दिवशी काय घडलं त्याचा अहवाल लिहितात. महाविद्यालयातले पर्यवेक्षक तो वाचतात, समोर बसवून त्यावर बोलतात आणि पुढच्या आठवड्यात विद्यार्थी पुन्हा जातो. आमच्या रुग्णालयात दरवर्षी असे विद्यार्थी येतात, आणि रुग्णालयाच्या बाजूने त्यांचं मार्गदर्शन माझ्याकडे असतं.

एका वर्षी दोन मुली एकत्र आल्या. एक शहरात वाढलेली, सोसायटीतली. दुसरी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे आणि ती स्वतः काही वर्षं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहून शिकलेली. दोघींना मी ऑर्थोच्या वॉर्डातला एकच रुग्ण दिला. पस्तिशीतला ऊसतोड कामगार, उसाच्या ट्रॉलीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. मुकादमाने त्याला चुलतभावासोबत जीपमध्ये घालून गावाकडे पाठवलेलं. चुलतभाऊ त्याला भरती करून परत फडावर गेला होता. ऑपरेशन करून रॉड टाकायचा होता. सरकारी आरोग्य योजनेत बसवायचं तर शिधापत्रिका हवी, ती जवळ नाही. बायको आलेली नाही. वॉर्डातल्या सिस्टर वैतागलेल्या.

शहरातल्या मुलीने लिहिलं : “रुग्णाची पत्नी त्याला भेटण्यास येत नाही. कौटुंबिक संबंध तणावपूर्ण आहेत. रुग्ण व्यसनाधीन असल्याचे जाणवते. रुग्णाचे समुपदेशन केले.”

मी समासात लाल पेनने प्रश्न घातले. तणाव आहे हे कुणी सांगितलं? ‘जाणवते’ म्हणजे काय पाहिलंस? समुपदेशन केलं म्हणजे नेमकं काय बोललीस आणि तो काय म्हणाला? ती खजील होऊन म्हणाली, “मॅडम, उशीखाली तंबाखूची पुडी होती.” एका पुडीवरून माणूस व्यसनाधीन झाला होता. आणि एका रिकाम्या स्टुलावरून त्याचा संसार मोडला होता.

दुसरीचा अहवाल वाचताना मला आधी बरं वाटलं. तिला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी हे माहीत होतं, उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम हे माहीत होतं, टोळी माहीत होती. तिने लिहिलं होतं : “मुकादमाने उचलीच्या वसुलीसाठी रुग्णाच्या पत्नीला अडकवून ठेवले आहे. हा वेठबिगारीचा प्रकार आहे.”

मी तिलाही तोच प्रश्न विचारला. “हे त्याने सांगितलं, की तुला आधीच माहीत होतं?”

ती उसळली. “मॅडम, हे मला सांगावं लागत नाही. माझ्या घरात झालंय.”

“तुझ्या घरात झालं ते मला मान्य आहे. याच्या घरात काय झालंय ते याला विचार. वेठबिगारी शब्द लिहिलास तर 1976 चा कायदा लागतो, तहसीलदाराकडे कागद जातो, चौकशी लागते. तेव्हा ही बाई उभी राहून ‘मला कुणी अडवलं नाही’ म्हणाली, तर तुझ्या अहवालाचं काय करायचं?”

मग दोघी मिळून परत गेल्या आणि रुग्णाच्या फोनवरून बायकोशी बोलल्या. निघालं ते असं. नवरा पडल्यावर ती अर्धा कोयता झाली होती आणि दुसऱ्या एका एकट्या बाईबरोबर मोळ्या बांधत होती. मुकादमाने तिला ‘जाऊ नको’ म्हटलं नव्हतं. ‘जा’ असंही म्हटलं नव्हतं. पण हंगाम अर्धवट सोडला तर उचल अंगावर राहते हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. मोठी मुलगी फडावर तिच्यासोबत होती. आणि मुख्य म्हणजे, ऑपरेशन आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. “पलस्तर केलंय म्हणून सांगितलं त्यांनी. पलस्तराला काय येऊन करू म्याडम?” नवऱ्याने लपवलं होतं, ती काम टाकून येईल म्हणून. शिधापत्रिका घरात पेटीत, घराला कुलूप, किल्ली जावेकडे.

पुढची कामं छोटी होती. गावच्या आशाताईला फोन, जावेला निरोप, सकाळच्या एसटीने येणाऱ्या गावातल्या एका पोराच्या हाती शिधापत्रिका, आरोग्यमित्राच्या खिडकीवर कागद. योजना मंजूर झाली, रॉड पडला. बायको येऊन दोन रात्री राहिली आणि मुलीला जावेकडे सोडून परत तोडीला गेली. उचल तशीच राहिली. “मग आपण केलं काय?” असं डोंगरपट्ट्यातल्या मुलीने मला विचारलं, आणि तो प्रश्न बरोबर होता. व्यक्तिसहाय्याचं काम तिथे संपलं होतं. उचलीचा प्रश्न एका केस पेपरवर सुटणारा नाही. तिथून पुढे समुदाय संघटन आणि सामाजिक कृती या दोन पद्धती लागतात, ज्या तिने तोवर परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या. आज ती ऊसतोड कामगारांच्याच प्रश्नावर काम करते.

हे इतकं विस्ताराने सांगितलं, कारण प्रशिक्षण म्हणजे काय ते मला या दोन अहवालांत दिसतं. एकीला त्या जगाची माहिती नव्हती, म्हणून तिने रिकामी जागा आपल्या कल्पनेने भरली. दुसरीला माहिती होती, म्हणून तिने तीच जागा आपल्या अनुभवाने भरली. विचारायचं दोघींनीही टाळलं. ‘तू गरिबीतून आलीस, तुला शिकवायची गरज नाही’ हे कौतुकाने म्हटलं तरी चूक आहे. आमच्या भागातल्या समाजकार्य महाविद्यालयांत बहुतेक मुलंमुली शेतमजूर, ऊसतोड, छोट्या शेतकऱ्यांच्या घरांतली, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली असतात. ही त्यांची मोठी ताकद आहे. ती ताकद कामाला यावी म्हणून तरी कुणीतरी त्यांचे अहवाल ओळ न् ओळ वाचायला हवेत. मेरी रिचमंड यांचं ‘सोशल डायग्नोसिस’ हे या क्षेत्रातलं पायाभूत पुस्तक 1917 चं. त्याचा सगळा भर यावरच आहे की निष्कर्ष काढण्याआधी पुरावा गोळा करा आणि तो तपासा. आमच्या मुली ते पुस्तक न वाचताही हे शिकू शकतात. मात्र लाल पेन हवा.

दुसरी गोष्ट शिकावी लागते ती म्हणजे काय कबूल करू नये. एक विद्यार्थिनी प्रसूती वॉर्डाबाहेर सोळा वर्षांच्या मुलीशी बोलत होती. मुलगी गरोदर. मुलीने हात धरून विचारलं, “ताई, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?” विद्यार्थिनी म्हणाली, “नाही गं, शपथ.” वर्गात गोपनीयता हे तत्त्व तिने दहा गुणांसाठी लिहिलेलं होतं. पण 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशी माहिती मिळालेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते, आणि न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत डॉक्टरांना थोडी मुभा दिली : मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. हे सगळं डोक्यात असेल तरच त्या मुलीशी पहिल्या वाक्यापासून खरं बोलता येतं : “बाळा, काही गोष्टी मला सांगाव्या लागतील. कुणाला, का आणि पुढे काय होईल, ते मी तुला आधी सांगते. मग तुला बोलावंसं वाटलं तर बोल.” असं म्हटल्यावर काही मुली गप्प होतात. तेही चालेल. शपथ मोडली तर ती मुलगी पुन्हा कुठल्याच ताईवर विश्वास ठेवणार नाही.

हे वाक्य पुस्तकात वाचून येत नाही. सराव करावा लागतो, कुणीतरी ऐकावं लागतं. डॉक्टरकीत वरिष्ठ पाठीमागे उभे असल्याशिवाय विद्यार्थ्याला टाका घालू देत नाहीत. आमच्याकडे मात्र बावीस वर्षांची पोर मरणाच्या दारातल्या जळीत रुग्णाशी एकटी बोलते, सासरचे दाराशी उभे असतात, “मॅडम, तिला समजावा, स्टोचा भडका उडाला म्हणावं,” असं सांगत असतात, आणि त्या रात्री तिला झोप लागली की नाही हे विचारणारं कुणी नसतं. पर्यवेक्षण म्हणजे चुका काढणं एवढंच नाही. तिथे काय पाहिलंस आणि त्याचं तुझ्यात काय झालं, हे बोलायची ती एकमेव हक्काची जागा आहे.

आणि हीच जागा आता आक्रसत चालली आहे. काही महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ग घेऊन निघून जातात. एकेका पर्यवेक्षकाकडे इतके विद्यार्थी की समोर बसवून बोलणं शक्यच नाही. मग अहवाल सत्राच्या शेवटी गठ्ठ्याने तपासले जातात. माझ्याकडे आलेल्या एका वहीत सगळ्या पानांवर एकाच दिवशीची, एकाच शाईतली सही होती. आत एका पानावर विद्यार्थ्याने लिहिलं होतं की रुग्णाने जीव द्यायची गोष्ट केली. त्याखालीही तीच सही. विद्यार्थ्यांना दोष देता येत नाही. वाचलं जात नाही हे कळलं की ते जुन्या वह्यांतून उतरवून काढायला लागतात. गावं तीच, अडचणी त्याच, फक्त तारखा नव्या.

बाहेर नोकरीचंही फार बरं चित्र नाही. बाल संरक्षण कक्ष, वन स्टॉप सेंटर, एचआयव्ही समुपदेशन केंद्र, आरोग्य अभियान : जिथे जिथे आमची मुलं लागतात तिथे बहुतेक जागा कंत्राटी आहेत. दर वर्षी ब्रेक, दर वर्षी नवा आदेश. डॉक्टर, वकील, परिचारिका यांना परिषद आहे, नोंदणी आहे. सगळ्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी राष्ट्रीय परिषद आपल्याकडे नाही. म्हणून कुणीही स्वतःला समाजसेवक म्हणवून बालगृहात किंवा वॉर्डात शिरू शकतो. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. नोंदणी आली की प्रशिक्षण कसं झालं हेही विचारलं जाईल अशी आशा आहे.

तरीही दर जूनमध्ये कुणी ना कुणी मुलगी किंवा मुलगा आईबापाला घेऊन माझ्याकडे येतो. “मॅडम, एम.एस.डब्ल्यू.ला घालावं का?” मी नाही म्हणत नाही. कामाला माणसं हवी आहेत, शिकलेली हवी आहेत. पगाराचं आणि कंत्राटाचं खरं ते सांगून टाकते. त्यापुढे मी एवढंच सांगते, आणि तुमच्या घरातून कुणी या वाटेने जाणार असेल तर तुम्हालाही सांगते : महाविद्यालयाची इमारत पाहू नका, शंभर टक्के नोकरीची जाहिरात वाचू नका. तिथे शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एखाद्या मुलाला गाठा, त्याची क्षेत्रकार्याची वही मागा आणि समास पाहा. समासात प्रश्न लिहिलेले असतील तर निःशंक प्रवेश घ्या. नुसत्या सह्या असतील तर दुसरं महाविद्यालय शोधा.